‘कॉर्क’ एवढाच पत्ता

प्रश्न : माझे यजमान आयरिश वंशाचे अमेरिकन आहेत आणि आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. गेल्या वर्षी सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या माळ्यावरच्या पेटीत जुने कागद सापडले. यजमानांचे खापरपणजोबा १८५१ च्या सुमारास आयर्लंडहून बॉस्टनला आले आणि १८८७ मध्ये तेथेच वारले, एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे आडनाव मर्फी. पेटीत कुटुंबाचे बायबल असून त्याच्या मधल्या पानांवर जन्म, विवाह आणि मृत्यू लिहिलेले आहेत. खापरपणजोबांचा १८५८ चा नागरिकत्वाचा दाखला आहे. त्यांच्या बहिणीने आयर्लंडहून पाठवलेले एक पत्रही आहे, पण त्याचा पत्त्याचा कोपरा फाटला असून ‘नॉकना’ एवढीच अक्षरे उरली आहेत. पत्रात मॅक्रूमच्या बाजारात गाय विकल्याचा उल्लेख आहे. थडग्यावर ‘कॉर्क, आयर्लंड’ असे कोरलेले आहे. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला नेमके गाव हवे आहे. आयर्लंडमधील सगळ्या जुन्या नोंदी १९२२ च्या आगीत गेल्या, उगाच वेळ घालवू नका, असे नातेवाईक सांगतात. हे खरे आहे का? नसेल तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आगीची गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते आणि त्यामुळे कितीतरी कुटुंबांनी शोध सुरू होण्याआधीच सोडून दिला आहे, याचे मला फार वाईट वाटते. आयरिश यादवी युद्धाच्या प्रारंभी, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनमधील फोर कोर्ट्स या इमारतसमूहातील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत उद्ध्वस्त झाले. १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांची बहुतेक सर्व पत्रके, मृत्युपत्रांचा मोठा साठा आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट पंथाच्या निम्म्याहून अधिक पॅरिशांची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील विभागांची, दप्तरे त्यात गेली. मात्र १८६१ आणि १८७१ च्या जनगणनांची पत्रके सरकारी आदेशानेच पूर्वी नष्ट करण्यात आली होती, आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली होती. त्यांचा दोष आगीवर टाकता येत नाही. आता जे त्या इमारतीत नव्हतेच, ते पाहा. कॅथलिक पॅरिशांची बाप्तिस्म्याची आणि विवाहाची दप्तरे धर्मगुरूंच्या ताब्यात होती. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची १८६४ पासूनची सर्वधर्मीय नागरी नोंदणी वेगळ्या कार्यालयात होती. ग्रिफिथ यांचे जमिनींचे मूल्यांकन छापील स्वरूपात होते, आणि १९०१ व १९११ च्या जनगणना शाबूत आहेत. आपल्या खापरपणजोबांसारख्या कॅथलिक शेतकरी घरातल्या माणसाचा माग लागतो तो मुख्यतः याच कागदांत. (मर्फी कुटुंब कॅथलिक असावे असे मी गृहीत धरतो, बॉस्टनमधील विवाह कोणत्या चर्चमध्ये झाला हे पाहिल्यावर त्याची खात्री होईल.)

असे असले तरी आयर्लंडच्या नोंदी लगेच उघडू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मर्फी हे आयर्लंडमधील सर्वांत प्रचलित आडनाव आहे आणि कॉर्क काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) तर ते पावलोपावली भेटते. नाव आणि अंदाजे वय एवढ्या भांडवलावर तेथे गेलात तर जुळणारी माणसे डझनांनी सापडतील, आणि त्यांतील एक निवडण्याचा मोह आवरणार नाही. एका परिचितांसाठी शोध घेताना मी स्वतः ही चूक केली आहे. नाव, वडिलांचे नाव आणि जन्मवर्ष अशा तिन्ही गोष्टी जुळणारा एक बाप्तिस्मा सापडला म्हणून मी सात महिने त्या मुलाच्या घराण्याचा वंशवृक्ष वाढवत बसलो, आणि शेवटी तोच मुलगा १९०१ च्या जनगणनेत त्याच घरात, म्हातारा होऊन, चुलीपाशी बसलेला सापडला. तो आयर्लंड सोडून कधी गेलाच नव्हता. तेव्हापासून मी माणूस शोधत नाही, जागा शोधतो, आणि तुम्हीही तेच करावे.

जागा म्हणजे काउंटी नव्हे, तर टाउनलँड. आयर्लंडमध्ये बत्तीस काउंट्या आहेत, त्यांच्या पोटात बॅरनी, त्यांच्या पोटात सिव्हिल, म्हणजे सरकारी, पॅरिश आणि सर्वांत शेवटी टाउनलँड, म्हणजे स्वतःचे नाव असलेला, काही शेते आणि मोजकी घरे सामावणारा जमिनीचा तुकडा. असे साठ हजारांहून अधिक तुकडे आहेत आणि ग्रामीण आयरिश माणसाचा खरा पत्ता तोच असे. कॅथलिक पॅरिशच्या सीमा सिव्हिल पॅरिशच्या सीमांशी जुळतातच असे नाही, नावेही पुष्कळदा वेगळी असतात. नवख्या शोधकर्त्याची पहिली तारांबळ येथेच उडते. थडग्यावरच्या ‘कॉर्क’ या शब्दावरही फार भार टाकू नका. असंख्य स्थलांतरितांनी कॉर्कजवळच्या बंदरातून, म्हणजे १८४९ नंतर क्वीन्सटाउन म्हणवल्या जाणाऱ्या आणि आज कोव्ह नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावातून, जहाज पकडले. त्यामुळे ‘कॉर्कहून आले’ या घरगुती वाक्याचा अर्थ कधी ‘कॉर्कचे होते’ असा असतो, तर कधी ‘कॉर्कहून निघाले’ एवढाच असतो. तुमच्या बाबतीत मॅक्रूमचा बाजार मदतीला आहे. मॅक्रूम हे कॉर्क काउंटीतलेच गाव असल्याने थडगे बहुधा खरे बोलत आहे.

आता पेटीतील कागद एकेक करून पाहू. बायबलचे जन्ममृत्यूचे पान वाचण्यापूर्वी त्याचे शीर्षकपृष्ठ उघडा आणि छपाईचे वर्ष पाहा. बायबल १८७० मध्ये छापलेले असेल आणि पहिल्या अपत्याचा जन्म १८५५ चा नोंदवलेला असेल, तर ती नोंद त्या दिवशी लिहिलेली नाही, पंधरा वर्षांनी आठवून लिहिलेली आहे. शाईचा रंग आणि अक्षराचे वळण हेही पाहा. पहिल्या सहा नोंदी एकाच हाताच्या आणि एकाच शाईच्या असतील, तर त्या एका बैठकीत उतरवल्या गेल्या, आणि जेथे शाई बदलते तेथून पुढच्या नोंदी घटना घडल्या तशा केल्या गेल्या असण्याचा संभव अधिक. मुलीला हे पान भिंगाखाली पाहू द्या. या वयात हे एकदा शिकले की पुढे आयुष्यभर कोणत्याही दस्तऐवजाकडे पाहण्याची नजर येते.

त्याच पानावर आणखी एक मौल्यवान गोष्ट दडलेली आहे, ती म्हणजे मुलांचा क्रम. आयरिश कॅथलिक कुटुंबांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे आणि तिसऱ्याला स्वतः वडिलांचे नाव देण्याची पद्धत होती. पहिल्या मुलीला आईच्या आईचे आणि दुसरीला वडिलांच्या आईचे नाव मिळे. सर्वांनीच ती काटेकोरपणे पाळली असे नाही, त्यामुळे तिचा पुरावा म्हणून नव्हे, तर सुगावा म्हणून उपयोग करावा. तरीही पहिल्या मुलाचे नाव बाजूला लिहून ठेवा. त्याची गरज पुढे लागणार आहे.

नागरिकत्वाचा दाखला पाहून निराश होऊ नका. २७ सप्टेंबर १९०६ पूर्वी अमेरिकेत कोणत्याही पात्र न्यायालयात नागरिकत्व घेता येत असे. कागदांचा एकसारखा नमुना नव्हता, मध्यवर्ती नोंदही नव्हती, आणि अर्जदार आयर्लंडचा असल्यास त्याने राणी व्हिक्टोरियावरील निष्ठा सोडली एवढेच पुष्कळदा लिहिलेले असे. परंतु घरात सापडतो तो शेवटचा कागद. त्याआधीचे दोन, म्हणजे नागरिक होण्याच्या इराद्याचे निवेदन आणि प्रत्यक्ष अर्ज, न्यायालयाच्या दप्तरात राहत. मॅसॅच्युसेट्ससह न्यू इंग्लंडमधील अनेक न्यायालयांच्या १९०६ पूर्वीच्या कागदांच्या प्रती, महामंदीच्या काळात सुरू झालेल्या सरकारी रोजगार योजनेखाली, कार्डांच्या सूचीसह तयार करण्यात आल्या आणि त्या आता राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत. तुमच्या दाखल्यावर न्यायालयाचे नाव आणि तारीख असल्याने अर्ज मिळणे कठीण जाऊ नये. अर्जावर सही करणाऱ्या दोन साक्षीदारांची नावे नक्की उतरवून घ्या. अर्जदाराला किमान पाच वर्षे ओळखणारी माणसे त्यासाठी लागत, आणि नव्याने आलेल्या आयरिश माणसाला अशी माणसे सहसा आपल्याच मुलखातली मिळत.

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणे ही तुमच्या दृष्टीने मोठीच अनुकूल गोष्ट आहे, कारण या राज्याने १८४१ पासूनच राज्यस्तरीय जन्म, विवाह व मृत्यू नोंदणी सुरू केली. १८८७ च्या मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावे असतील. तथापि ती सांगणारा बहुधा त्यांचा मुलगा असेल, आणि त्याने आपले आजीआजोबा कधी पाहिले नसतील. म्हणून विवाहाच्या नोंदीतील आईवडिलांची नावे मी अधिक विश्वसनीय मानतो. ती वराने स्वतः सांगितलेली असतात. चर्चमधील विवाहाची आणि मुलांच्या बाप्तिस्म्यांची नोंद वेगळी काढा. बॉस्टनच्या कॅथलिक आर्चडायसीसची, म्हणजे आर्चबिशपच्या अखत्यारीतील धर्मप्रांताची, जुनी दप्तरे न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीच्या सहकार्याने ऑनलाइन उपलब्ध होत आहेत. प्रत्येक बाप्तिस्म्यात दोन धर्ममातापित्यांची नावे असतात आणि ते फार वेळा भाऊ, बहीण, मेहुणी किंवा जुन्या शेजाऱ्यांपैकी असतात. मूळ पुरुषाच्या एकाही कागदावर टाउनलँडचे नाव नसेल, पण त्याच्या मेहुणीच्या थडग्यावर असेल, हा अनुभव इतक्यांदा आला आहे की मी आता सुरुवातीपासूनच सगळे गोत मांडून घेतो. खापरपणजींच्या माहेरच्या नावाचा शोध तितक्याच कसोशीने घ्या. दोघांची आडनावे एकत्र धरली की मर्फींच्या गर्दीतून वाट निघते.

दोन खास बॉस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या गोष्टी सांगतो. ‘बॉस्टन पायलट’ या कॅथलिक वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या शोधाची निवेदने छापली जात. अमुक काउंटीतल्या अमुक पॅरिशचा, अमुक साली अमुक बंदरात उतरलेला भाऊ कोणाला ठाऊक असल्यास कळवावे, अशा धाटणीची ती निवेदने वाचताना आजही गलबलून येते. आणि नेमका पॅरिश त्यांत दिलेला असतो, कारण शोधणाऱ्याला तो देणे भागच होते. तुमच्या खापरपणजोबांची बहीण मागे राहिली होती. इतर भावंडे अमेरिकेत पांगली असतील तर त्यांच्यापैकी कोणी असे निवेदन दिले असेल का, हे नावानिशी तपासा. दुसरी गोष्ट, कुटुंबातील कोणी न्यूयॉर्कला राहिले असेल तरच उपयोगाची आहे. तेथील १८५० मध्ये सुरू झालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने खातेदाराची ओळख पटवण्यासाठी त्याचे मूळ गाव, जहाज, आईवडील आणि भावंडे यांची माहिती वह्यांत लिहून ठेवली, आणि त्या वह्या न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात जतन आहेत.

अमेरिकन जनगणनेवर फार शब्द खर्च करत नाही. १८५० पासून घरातील प्रत्येकाचे नाव मिळते, पण जन्मस्थान ‘आयर्लंड’ एवढेच असते. वय दर दहा वर्षांनी सहा-सात वर्षांनीच वाढलेले दिसले तर दचकू नका. पुष्कळांना आपली जन्मतारीख ठाऊकच नव्हती.

एवढे जमल्यानंतर बहिणीचे पत्र पुन्हा हाती घ्या. ‘नॉक’ हे आयरिश ‘क्नोक’चे, म्हणजे टेकडीचे, इंग्रजी कानांनी ऐकलेले रूप आहे, आणि ‘ना’ म्हणजे ‘ची’, अमक्याची टेकडी. फाटलेल्या कोपऱ्यात त्या ‘अमक्या’चे नाव गेले. अशा नावांची टाउनलँडे कॉर्कमध्ये पुष्कळ आहेत, पण त्यांना गाळणी लावता येते. १८५१ च्या जनगणनेवर आधारलेली टाउनलँडांची छापील वर्णानुक्रमी सूची प्रत्येक नावासमोर काउंटी, बॅरनी, पॅरिश आणि पुअर लॉ युनियन (गरिबांच्या मदतीच्या कायद्याखाली आखलेला विभाग) देते. माणूस गाय विकायला पायी जाता येईल अशाच बाजारात नेतो, हे ध्यानात घेऊन प्रथम मॅक्रूम युनियनमधील ‘नॉकना’ने सुरू होणारी नावे वेगळी काढा, आणि काठावरची म्हणून शेजारच्या युनियनमधीलही पाहा. मग यादी पानभर लांबीची राहणार नाही.

या यादीतील प्रत्येक टाउनलँड ग्रिफिथच्या मूल्यांकनात उघडा. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात संपूर्ण आयर्लंडमधील जमीन व घरे यांची करआकारणीसाठी नोंद झाली. कॉर्कमध्ये हे काम १८५० च्या दशकाच्या पूर्वार्धात झाले, म्हणजे तुमचे खापरपणजोबा निघून गेल्यानंतर लगेच. त्यांचे नाव तेथे नसेल. त्यांच्या वडिलांचे किंवा विधवा आईचे असू शकेल, कारण या नोंदीत केवळ घराचा धारक येतो. बायबलवरून काढलेले पहिल्या मुलाचे नाव आता उपयोगी पडते: त्या नावाचा मर्फी कोणत्या ‘नॉकना’मध्ये आहे, आणि त्याच्या आसपास खापरपणजींच्या माहेरचे किंवा बॉस्टनमधील साक्षीदारांचे आडनाव दिसते का? एका नावाचे दोन मर्फी शेजारी राहत असतील तर नोंदणी करणाऱ्यांनी पुष्कळदा नावापुढे कंसात वडिलांचे नाव घातले आहे. तो कंस दिसला तर तुमची एक संपूर्ण पिढी एका शब्दात हाती आली असे समजा. मूल्यांकनाच्या पुढील काळातील दुरुस्तीच्या वह्याही आहेत. धारक बदलला की जुने नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईत नवे लिहिलेले असते, आपल्याकडच्या फेरफाराच्या नोंदींसारखेच, आणि त्यावरून ते घर १९०१ च्या जनगणनेपर्यंत कोणाच्या हाती होते हे उलगडत नेता येते.

टाउनलँडवरून कॅथलिक पॅरिश ठरवा आणि मग दप्तर उघडा. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये हजाराहून अधिक पॅरिशांच्या, बहुतांशी १८८० पर्यंतच्या, दप्तरांची छायाचित्रे सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. नावे लॅटिनमध्ये असू शकतात: योआनेस म्हणजे जॉन, याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. होनोरा घरात नोरा असे, आणि कॉर्क-केरीकडचा जेरेमाया हा बहुधा आयरिश डिअर्मिडचे इंग्रजी कपडे घातलेला माणूस असतो. १८२०-३० च्या सुमाराचे दप्तर अनेक ग्रामीण पॅरिशांत नाहीच, किंवा मधली वर्षे गायब आहेत. ही शक्यता मुलीला आधीच सांगून ठेवा. खापरपणजोबांचा बाप्तिस्मा मिळाला नाही तर त्यांच्या धाकट्या भावंडांचा पाहा. मागे राहिलेल्या बहिणीचा विवाह १८६४ नंतर झाला असेल तर नागरी नोंदणीत तिच्या वडिलांचे नाव व व्यवसाय मिळेल. ती १९०९ मध्ये हयात असेल तर आणखी एक दार उघडे आहे. त्या वर्षी सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली आणि वयाचा पुरावा नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी १८४१ व १८५१ च्या जनगणनांत शोध घेतला गेला. अर्जदाराचे आईवडील आणि टाउनलँड नमूद असलेल्या त्या शोधाच्या चिठ्ठ्या उरल्या आहेत. मूळ जनगणना जळून गेली, तिच्यातील ओळी मात्र कुणा आजीच्या पेन्शनपायी वाचल्या.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या माहेरी असे सांगतात की त्यांचे मूळ आडनाव ‘ओ’सलिव्हन’ होते आणि एलिस बेटावरील अधिकाऱ्याने त्यातील ‘ओ’ काढून टाकला. त्यांचे पूर्वज १८६० च्या दशकात आले. नाव बदलल्याची नोंद कोठे मिळेल?

उत्तर : अशी नोंद मिळणार नाही, कारण तसे घडलेले नाही. एलिस बेटावरील केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले, आणि पहिली नोंद झाली ती कॉर्कच्याच ॲनी मूर या सतरा वर्षांच्या मुलीची. १८६० च्या दशकात न्यूयॉर्कला आलेली माणसे १८५५ मध्ये सुरू झालेल्या कॅसल गार्डन केंद्रातून गेली. दोन्ही ठिकाणचे अधिकारी नावे ठरवत नसत. जहाजाबरोबर आलेल्या यादीशी माणूस ताडून पाहत. ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळाले ते मुख्यतः आयर्लंडमध्येच, इंग्रजी सत्तेच्या शतकांत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाबरोबर अनेक घराण्यांनी ते परत लावले. तेव्हा तुमचे पूर्वज निघताना नुसते सलिव्हन असण्याचाच संभव अधिक आहे, आणि मागे राहिलेल्या त्यांच्या भावाची नातवंडे १९११ च्या जनगणनेत ओ’सलिव्हन असतील. प्रत्येक सूचीत दोन्ही रूपे शोधा, आणि स्पेलिंगमधील फरकावरून कोणतीही नोंद ‘आपली नव्हे’ म्हणून बाजूला टाकू नका. कारकुनाने ऐकले तसे लिहिले आणि सांगणाऱ्याला पुष्कळदा वाचता येत नव्हते.

प्रश्न : डीएनए चाचणी केली तर हे सगळे कागद पाहण्याची गरज उरत नाही ना?

उत्तर : उरते. चाचणी तुम्हाला गाव सांगत नाही, नातेवाईक सांगते; आणि त्या नातेवाइकाला त्याचे गाव ठाऊक असेल तरच तुम्हाला ते कळते. चौथ्या-पाचव्या पिढीपलीकडच्या आप्तांशी जुळणारा अंश इतका लहान असतो की, विशेषतः पिढ्यान्‌पिढ्या जवळपासच्याच टाउनलँडांत लग्ने झालेल्या भागांत, नाते नेमके कोणत्या बाजूने हे ठरवता येत नाही. कागदांवरून दोन-तीन टाउनलँड उरली असतील आणि त्यांपैकी निवड करायची असेल, तेव्हा चाचणीचा उत्तम उपयोग होतो. करायचीच असेल तर ती घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीची आधी करा, कारण त्यांच्याकडे पूर्वजांचा अंश तुमच्यापेक्षा अधिक आहे. आणि त्याच भेटीत त्यांना लहानपणी ऐकलेली आयर्लंडमधील ठिकाणांची नावे विचारून, ती ज्या उच्चारात सांगतील त्याच उच्चारात, लिहून घ्या.